श्रीमंत ग्राहकांसाठीच्या पर्यटन सेवेची जाहिरात कुठे करावी: जागा शोधण्याचा नेमका क्रम

आलिशान सहली आखून देणारे बहुतेक व्यावसायिक जाहिरातीला चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी एखाद्या चकचकीत मासिकाचं दरपत्रक मागवतात आणि पानाचा दर ऐकून दचकतात. मग तेच पैसे सोशल मीडियावर ओततात. दोन महिन्यांनी इनबॉक्समध्ये साचलेले असतात ते ‘सगळ्यात स्वस्त पॅकेज कोणतं?’ असे मेसेज. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार आहे. जाहिरातीची जागा निवडायच्या आधी तीन कामं उरकावी लागतात. ती उरकली की निम्म्या जागा आपोआप यादीतून गळतात.

भरपूर पैसा असलेला माणूस जाहिराती बघतो, पण सहलीचा निर्णय घेताना कुणाला तरी विचारतो. तो कुणाला विचारतो हे शोधणं हेच खरं काम. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. मधली एखादी गाळली तर पुढच्या पायरीवरचा खर्च वाया जातो, म्हणून क्रम मोडू नका.

## पायरी १: तुम्ही नक्की कुणाला विकता ते लिहून काढा

या धंद्यात दोन बाजू आहेत. एका बाजूला थेट प्रवाशाला सहल आखून देणारे सल्लागार आणि एजंट. दुसऱ्या बाजूला त्या सल्लागारांना माल पुरवणारे: व्हिला, यॉट, छोटी हॉटेलं, एखाद्या प्रदेशातली सगळी व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक कंपन्या. दोघांच्या जाहिरातीच्या जागा वेगळ्या, पण लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

उदाहरणार्थ, दर डिसेंबरला कान शहरात भरणारा आयएलटीएम हा आलिशान पर्यटनाचा मोठा मेळा. तिथे पुरवठादार आणि सल्लागार आधी ठरवलेल्या वेळेनुसार समोरासमोर बसतात. श्रीमंत प्रवासी तिथे येतच नाहीत. तुम्ही यॉट भाड्याने देत असाल तर तिथे जाण्यात अर्थ आहे. थेट कुटुंबांना सहली विकत असाल, तर तिथे ग्राहक मिळणार नाहीत, पुरवठादार मिळतील.

दुसरा प्रश्न: ‘श्रीमंत’ म्हणजे किती? संपत्ती व्यवस्थापनाच्या क्षेत्रात साधारणपणे राहतं घर सोडून १० लाख डॉलर गुंतवण्याजोगी संपत्ती असलेल्याला एक गट मानतात, आणि ३ कोटी डॉलरच्या वर असलेल्याला अतिश्रीमंत. हे आकडे ग्राहकाला विचारायचे नाहीत, पण फरक लक्षात ठेवायचा. पहिल्या गटातला माणूस बऱ्याचदा स्वतःच शोध घेतो, स्वतः फोन करतो. दुसऱ्या गटात हे काम बहुधा सेक्रेटरी, घराची व्यवस्था पाहणारा मॅनेजर किंवा कुटुंबाचं फॅमिली ऑफिस (एकाच कुटुंबाची संपत्ती आणि व्यवहार सांभाळणारं कार्यालय) करतं. म्हणजे जाहिरात वाचणारे डोळे आणि सही करणारा हात वेगवेगळ्या माणसांचे असतात.

तपासा: एका वाक्यात उत्तर लिहिता येतंय का? ‘तीन पिढ्यांच्या कुटुंबांसाठी खासगी सफरी; चौकशी बहुधा सेक्रेटरी करते; निर्णय पती-पत्नी घेतात.’ इतकं नेमकं जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: जुन्या बुकिंगच्या फायली उलट्या वाचा

या पायरीला सगळ्यात जास्त लोक फाटा देतात आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच असते. तुमच्या सर्वांत चांगल्या सहलींच्या फायली काढा. चांगल्या म्हणजे नफा देणाऱ्या आणि ज्यांतले प्रवासी पुन्हा आले अशा. प्रत्येक फाइल शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा: पैसे कुणाच्या खात्यातून आले, अंतिम होकार कुणी कळवला, प्रश्न कुणी विचारले, पहिला ईमेल कुणाचा होता, आणि त्या माणसाला तुमचं नाव कुणी सांगितलं.

शेवटचं उत्तर फाइलमध्ये नसतंच. ते फोन करून विचारावं लागतं. ‘आमच्याविषयी कुठून समजलं?’ असं विचारलं की लोक ‘इंटरनेटवर’ असं सांगून मोकळे होतात. त्याऐवजी विचारा, ‘आम्हाला पहिला फोन करण्याआधी तुम्ही या सहलीविषयी कुणाशी बोलला होतात?’ या प्रश्नाला माणसांची नावं मिळतात: मुलीच्या शाळेतली दुसरी आई, घोडेस्वारीचा प्रशिक्षक, घराची अंतर्गत सजावट करणारी बाई, कर सल्लागार.

उत्तरांचा एक तक्ता करा. रकाने चारच पुरेत: तुमचं नाव पहिल्यांदा सांगणारा, चौकशी करणारा, निर्णय घेणारा, आणि पहिल्या चौकशीपासून प्रवासाच्या तारखेपर्यंतचं अंतर. शेवटचा रकाना पायरी ७ मध्ये कामाला येईल.

व्यवसाय नवा असेल, फायलीच नसतील, तर तुम्हाला हव्या असलेल्याच ग्राहकांना दुसरं काही विकणाऱ्यांशी बोला. उंची घड्याळं, खासगी विमानं, कलाकृती, बागकाम: या लोकांना आपला ग्राहक कुठून येतो हे पक्कं ठाऊक असतं. आणि तुम्ही त्यांचे स्पर्धक नसल्यामुळे ते बोलतातही.

सावधान: श्रीमंतांच्या नाव-नंबरांच्या तयार याद्या विकत घेऊ नका. त्या बहुतेक शिळ्या असतात, आणि ज्याला आपला खासगीपणा प्राणापलीकडे जपायचा आहे त्याला अनोळखी फोन आला की तुमचं नाव कायमचं खराब होतं. कायद्याचा धोका वेगळाच. लोकांची वैयक्तिक माहिती जपणारा युरोपातला जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याखालचा दंड २ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

## पायरी ३: जाहिरात येण्याआधी दार नीट करून ठेवा

चांगल्या जागी जाहिरात दिली, सेक्रेटरीने वेबसाइट उघडली आणि समोर ‘आजच बुक करा, २० टक्के सूट’ असा फलक आला, तर तिथेच काम संपलं. मोठी सूट आणि उलटी धावणारी घड्याळं या ग्राहकाला दूर लोटतात.

काय हवं? प्रत्येक जाहिरातीसाठी स्वतंत्र पान. त्यावर एक खरी सहल तपशिलासकट: कोणत्या दिवशी कुठे, सोबत कोण, बदल करायचा तर किती दिवस आधी. खर्च कितीपासून सुरू होतो हेही सांगावं, असं माझं ठाम मत आहे. ‘किंमत विचारा’ एवढंच लिहिलं की पुरेसे पैसे नसलेले दहा जण विचारतात आणि घाईत असलेली सेक्रेटरी पान बंद करते. फोन उचलणारा माणूस हवा, यंत्र नको. चौकशीच्या फॉर्ममध्ये प्रवाशाचं नाव सक्तीचं ठेवू नका. तारखा, माणसांची संख्या आणि उत्तर कुठे पाठवायचं, एवढं पुरतं. पुष्कळदा नाव तिसऱ्या-चौथ्या ईमेलमध्ये कळतं, आणि ते तसंच कळू द्यावं.

जुन्या ग्राहकांची नावं आणि फोटो लेखी परवानगीशिवाय कुठेही वापरू नका. ‘अमुक उद्योगपती आमचे ग्राहक’ असं मिरवणाऱ्याकडे दुसरा उद्योगपती जात नाही. उद्या आपलंही नाव असंच वापरलं जाईल, हे तो लगेच ओळखतो.

तपासा: एखाद्या परिचिताला सेक्रेटरी बनून रात्री साडेदहाला चौकशी पाठवायला सांगा. उत्तर किती वेळात गेलं आणि त्यात नेमकी माहिती होती की नुसतं ‘आम्ही लवकरच संपर्क करू’, ते बघा. इथे नापास झालात तर जाहिरात थांबवा.

## पायरी ४: सर्वांत आधी विश्वासातली माणसं

जागांच्या यादीत पहिलं स्थान माणसांना द्या. पायरी २ च्या तक्त्यात जी नावं पुन्हा पुन्हा आली, ती तुमची पहिली माध्यमं.

हॉटेलचे कॉन्सिएर्ज, म्हणजे पाहुण्यांना हवी ती व्यवस्था करून देणारे कर्मचारी, हा त्यातला ठळक गट. कोटाच्या कॉलरवर एकमेकांवर ओलांडलेल्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या, तर तो माणूस ले क्ले दॉर या कॉन्सिएर्जच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य. पाहुणा त्यांच्यावर विसंबतो, म्हणून ते कुणाचंही नाव सहज पुढे करत नाहीत. त्यांना ब्रोशर पाठवून उपयोग नाही. छोटं, कामाचं पत्र पाठवा. असं:

> नमस्कार. आम्ही ध्रुवीय प्रदेशातल्या खासगी सफरी आखतो. तुमच्या पाहुण्यांपैकी कुणी याविषयी विचारलं, तर सोबतच्या नंबरवर कोणत्याही वेळी माणूस बोलेल आणि चार तासांत तारखा व उपलब्धता लेखी कळवेल. पाहुण्याचं नाव सुरुवातीला नको. महिना आणि माणसांची संख्या पुरे. आम्हाला जमणारं नसेल तर तसं त्याच फोनवर सांगू.

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. नकार वेळेवर देणारा माणूस कॉन्सिएर्जला हवा असतो, कारण पाहुण्यासमोर त्याची स्वतःची पत पणाला लागलेली असते.

सभासदांसाठी चालणाऱ्या कॉन्सिएर्ज कंपन्या, खासगी विमान भाड्याने देणारे दलाल, फॅमिली ऑफिसं, खासगी बँकांचे ग्राहक अधिकारी हे इतर गट. इथे प्रवेश सावकाश मिळतो. बँकेतल्या माणसाला तुमच्याकडून कमिशन घेता येत नाही, असं अनेकदा असतं. भेटवस्तूंवरही मर्यादा असतात. त्यामुळे पैशाचा विषय काढण्याआधी ‘तुमच्याकडे याचे नियम काय?’ असं सरळ विचारा. कॉन्सिएर्जच्या बाबतीतही तेच. त्याच्या हॉटेलचं धोरण मोडून दिलेलं कमिशन दोघांनाही महागात पडतं.

तुम्ही पुरवठादार असाल तर व्हर्चुओसो, सेरँडिपियन्स यांसारखी सल्लागारांची जाळी बघा. तिथे पैसे भरून सरळ आत जाता येत नाही. तुमची सेवा तपासून निवड होते, आणि सभासद सल्लागारांच्या शिफारशीचं वजन पडतं. म्हणून आधी त्या जाळ्यातल्या चार-पाच सल्लागारांची कामं चोख करा, अर्ज नंतर. व्हर्चुओसोचा मोठा वार्षिक मेळावा ऑगस्टमध्ये लास वेगासला भरतो. तिथल्या भेटीगाठींचा विचार निवड झाल्यावरच करायचा.

सावधान: एकदम पन्नास जणांना पत्र धाडू नका. दहा निवडा, प्रत्येकाचं काम समजून घ्या, मग लिहा. त्यांच्याकडून आलेल्या पहिल्याच चौकशीला उशीर झाला तर ते दार पुन्हा उघडत नाही.

## पायरी ५: छापील माध्यमं, पण आकडे तपासून

कॉन्डे नास्ट ट्रॅव्हलर, रॉब रिपोर्ट, फायनान्शियल टाइम्सची एचटीएसआय पुरवणी ही नावं सगळ्यांना माहीत असतात. तिथे जाहिरात द्यावी की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ते नियतकालिक नक्की कुणाच्या हातात पडतं?

मीडिया किटमध्ये, म्हणजे जाहिरातदारांना दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात, दोन आकडे असतात आणि विक्री प्रतिनिधी मोठाच पुढे करतो. खप म्हणजे प्रत्यक्ष वितरित प्रती. वाचकसंख्या म्हणजे एक प्रत अनेक जण वाचतात असं धरून फुगलेला आकडा. तुम्ही खप विचारा. तोही ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्ससारख्या स्वतंत्र संस्थेने तपासलेला आहे का, ते विचारा. त्यातल्या विकत घेतलेल्या प्रती किती, फुकट वाटलेल्या किती, आणि फुकटच्या नेमक्या कुठे जातात?

फुकट वाटप वाईटच असतं असं नाही. खासगी विमानांच्या टर्मिनलमध्ये ठेवलेली प्रत विकल्या गेलेल्या प्रतीपेक्षा मोलाची ठरू शकते. पण ती खरंच तिथे असायला हवी. त्या टर्मिनलच्या स्वागत कक्षाला फोन लावा आणि विचारा की अमुक मासिकाचा चालू अंक तुमच्याकडे आहे का. दोन मिनिटांच्या या फोनने मोठे मोठे दावे गळून पडतात.

जुने अंकही चाळा. तुमच्यासारख्या सेवेची जाहिरात सलग अनेक अंकांत दिसत असेल तर तिला काहीतरी मिळत असावं. एकदा दिसून गायब झाली असेल तर बहुधा नाही. जमल्यास त्या जाहिरातदाराला फोन करून विचारा.

बोलणी करताना दरपत्रकातला दर अंतिम समजू नका. उजव्या हाताचं पान, अंकाच्या पुढच्या भागातली जागा, ठरावीक प्रदेशापुरती आवृत्ती या गोष्टी मागता येतात. आणि माझा आग्रह असा की मोठ्या अंकात एकदा पूर्ण पान घेण्यापेक्षा लहान अंकात सलग तीनदा छोटी जागा घ्या. या ग्राहकाला तुमचं नाव ओळखीचं वाटायला वेळ लागतो.

क्लबांची सभासद-पत्रिका, कलादालनांच्या मित्रमंडळांची वार्तापत्रं, संगीत महोत्सवांच्या कार्यक्रम-पुस्तिका यांकडे फारसं कुणी बघत नाही. दर कमी, वाचक नेमके, आणि पुस्तिका मध्यंतरात हमखास हातात असते. सुरुवात इथून करा.

तपासा: पैसे भरलेला मजकूर लेखासारखा छापणार असाल, तर त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहिलं जाणार आहे ना? वाचकाला फसवल्यासारखं वाटलं तर विश्वास जातो, आणि अनेक देशांत हे नियमाविरुद्धही आहे.

## पायरी ६: ऑनलाइन जागा

इथे पैसा झपाट्याने वाया जातो आणि दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. नेमकं काय बदलायचं ते बघा.

गूगल सर्चच्या जाहिरातीत ठिकाणाचं मूळ सेटिंग असं असतं की त्या ठिकाणी असलेल्या लोकांसोबत त्या ठिकाणात रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. ते बदलून फक्त तिथे असलेले लोक निवडा. सर्चसोबत डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवर जाहिरात दाखवणारी सोय) जोडलेलं असेल तर ते बंद करा. ज्या शब्दांच्या शोधात जाहिरात दिसायला नको त्यांची यादी पहिल्याच दिवशी भरा: स्वस्त, सवलत, ऑफर, फुकट, आणि विशेष करून नोकरी, पगार, भरती, कोर्स. ‘लक्झरी ट्रॅव्हल’ शोधणाऱ्यांत त्या क्षेत्रात काम शोधणारेही असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही निवडक देशांत घरगुती उत्पन्नाच्या वरच्या १० टक्के गटापुरती जाहिरात मर्यादित करता येते. तो अंदाज असतो, खात्री नव्हे. तरी गाळणी म्हणून चालतो.

शब्द निवडताना ‘आलिशान सहल’ यापेक्षा नेमक्या गरजा धरा: लहान मुलांसह खासगी सफारी, कर्मचाऱ्यांसह यॉट, चाकाच्या खुर्चीसह ध्रुवीय जहाज. शोधणारे थोडे, पण प्रश्न पक्का.

लिंक्डइनवर बहुतेक जण कंपन्यांच्या मालकांना लक्ष्य करतात. माझ्या मते तिथे खरी जागा आहे एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, चीफ ऑफ स्टाफ आणि फॅमिली ऑफिसमध्ये काम करणाऱ्यांची. त्यांना सहलीचे फोटो दाखवू नका. त्यांचा त्रास वाचवणारा मजकूर द्या: ऐनवेळी तारीख बदलली तर काय करता येतं, व्हिसाच्या कागदांची यादी, सगळ्या बिलांचं एकच बिल. लिंक्डइनला किमान ३०० सदस्यांचा गट लागतो, त्यामुळे निकष फार आवळू नका.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर नवा ग्राहक शोधण्यापेक्षा, ज्याने तुमचं नाव आधी ऐकलंय त्याला खात्री पटवण्यासाठी पैसे खर्च करा. ऑडियन्स नेटवर्क (दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये तुमची जाहिरात दाखवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर गेम खेळता खेळता चुकून लागलेल्या क्लिकचे पैसे भराल.

## पायरी ७: कार्यक्रम आणि वेळेचं गणित

सप्टेंबरमधला मोनॅको यॉट शो, जून आणि डिसेंबरमधले बाझल व मायामी बीचचे आर्ट बाझल हे कलाकृतींचे मेळे, ऑगस्टमधला पेबल बीचचा जुन्या मोटारींचा मेळावा, इथे तुमचा ग्राहक नक्की असतो. पण प्रायोजक म्हणून नाव लावण्याचा खर्च मोठ्या बँका आणि घड्याळ कंपन्यांनाच झेपतो. तुम्ही त्याच आठवड्यात, त्याच गावात, आठ-दहा जणांची छोटी बैठक ठेवा, आणि आमंत्रण जुन्या ग्राहकाच्या किंवा ओळखीच्या कलादालनमालकाच्या हातून जाऊ द्या. विक्रीचं भाषण नको. त्या प्रदेशात वर्षानुवर्षं काम केलेला वाटाड्या बोलू दे.

आता पायरी २ मधला शेवटचा रकाना काढा. प्रवासाच्या हंगामापासून तेवढं अंतर मागे मोजा. जाहिरात त्या सुमारास दिसायला हवी. अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. तिथे एका वेळी किनाऱ्यावर १०० च्या वर प्रवासी उतरवत नाहीत आणि ५०० हून अधिक प्रवाशांचं जहाज कुणालाच उतरवत नाही. साहजिकच छोट्या जहाजांतल्या चांगल्या खोल्या फार आधी जातात. ऑक्टोबरमध्ये जाहिरात देऊन डिसेंबरची सफर विकायला निघालात तर विकायला काही उरलेलं नसतं. रवांडा-युगांडातल्या गोरिलांचंही तसंच: एका कळपाला दिवसातून ८ पर्यटक, एक तास. अशा ठिकाणी तुमच्या हातात जागा असतील तेव्हाच जाहिरात सोडायची.

मासिकांच्या बाबतीत आणखी मागे जा. जागा राखण्याची आणि मजकूर देण्याची शेवटची तारीख अंक निघण्याच्या कित्येक आठवडे आधी असते. दोन्ही तारखा लेखी घ्या.

## पायरी ८: छोटी चाचणी, सरळ हिशेब

एका वेळी तीन जागा निवडा: एक माणसांची, एक छापील, एक ऑनलाइन. प्रत्येकीला वेगळं पान, वेगळा फोन नंबर. छापील जाहिरातीत क्यूआर कोड द्या, पण सोबत सहज टाइप होईल असा पत्ताही द्या. पान फाडून सेक्रेटरीकडे देणारे अजून पुष्कळ आहेत.

क्लिक मोजू नका, पात्र चौकशा मोजा. पात्र म्हणजे तारीख आहे, माणसं ठरली आहेत, आणि तुमच्या सुरुवातीच्या किमतीवर समोरचा अडखळला नाही. दहा पात्र चौकशांतून दोन बुकिंगं होत असतील, तर एका पात्र चौकशीवर जास्तीत जास्त एका बुकिंगच्या नफ्याच्या पाचव्या भागाइतकाच खर्च परवडतो, आणि तोही हातात काही न उरता. प्रत्यक्षात मर्यादा त्याच्या निम्म्यावर ठेवा.

निकाल लावायची घाई मात्र नको. चौकशीपासून बुकिंगपर्यंत तुमच्याकडे चार महिने लागत असतील, तर सहा आठवड्यांत जागा बंद करणं चुकीचं. तोवर एवढंच बघा की चौकशा योग्य माणसांकडून येताहेत की नाही. एकही पात्र चौकशी नाही, असं पूर्ण चक्र गेलं की ती जागा सोडा. विक्री प्रतिनिधी हमखास ‘आणखी दोन अंक घ्या, दर कमी करतो’ म्हणेल. दर हा तुमचा प्रश्न नव्हताच.

एखाद्या जागेतून बुकिंग आलं, तर पैसे लगेच दुप्पट करू नका. त्या प्रवाशाला परतल्यावर पायरी २ मधला प्रश्न विचारा. जाहिरात पाहण्याआधी तो कुणाशी बोलला होता ते कळलं, की तक्त्यात नवी ओळ भरा आणि पुढचं पत्र त्या माणसाला लिहा.